‘विकेड गेम’ आपोआप वर आलं नाही

ख्रिस आयझॅकच्या ‘विकेड गेम’ या गाण्याची एक गोष्ट बरीच वर्षं फिरते आहे. कधी रीलमध्ये, कधी फॉरवर्ड होऊन, कधी गाण्याच्या व्हिडिओखाली कुणीतरी डकवलेली. एका अनोळखी गायकानं प्रेमभंगातून एक गाणं लिहिलं. ते काळाच्या पुढचं होतं, म्हणून १९८९ मध्ये कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग डेव्हिड लिंचनं ते आपल्या सिनेमात घेतलं आणि रातोरात जग वेडं झालं. गायक पुढे गायब झाला, गाणं अमर झालं. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: खरी कला कधी दडून राहत नाही.

ऐकायला छान आहे. पण यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चूक तरी आहे किंवा अर्धवट तरी. गाणं मला फार आवडतं, म्हणूनच हा उपद्व्याप.

‘अनोळखी गायक’ आधी उरकून टाकू. हे गाणं ज्या ‘हार्ट शेप्ड वर्ल्ड’ अल्बममध्ये आलं तो आयझॅकचा तिसरा अल्बम. पहिला, ‘सिल्व्हरटोन’, १९८५ चा आणि दुसरा १९८६ चा. दोन्ही वॉर्नर ब्रदर्स या बड्या कंपनीनं काढले होते. निर्माता होता एरिक जेकबसन, ज्यानं साठच्या दशकात ‘लव्हिन स्पूनफुल’ या बँडची गाणी घडवली. अल्बम फार खपले नाहीत हे कबूल, पण कमी खपणारा आणि अनोळखी यांत फरक आहे. लिंचनं तर १९८६ च्या ‘ब्लू व्हेल्व्हेट’मध्येच आयझॅकची दोन गाणी वापरली होती. ज्या दिग्दर्शकानं ‘शोध लावला’ म्हणतात, तो त्याला चार वर्षं आधीपासून ऐकत होता.

‘काळाच्या पुढचं’ हे बिरूद उशिरा गाजलेल्या कुठल्याही गाण्याला चिकटवलं जातं. इथे तर ते साफ उलटं आहे. हे गाणं मागे पाहणारं आहे. आयझॅकचा केसांचा फुगा एल्विसचा, आणि गाता गाता आवाज अलगद वरच्या फॉल्सेटोत, म्हणजे पातळ, उसन्या वरच्या सुरात, सोडून देण्याची तऱ्हा साठच्या दशकात गाजलेल्या रॉय ऑर्बिसनची. गिटारभोवतीचा तो ओलसर, पोकळ घुमारा १९६० च्या आसपासच्या रेकॉर्डमधला. १९८९ च्या अमेरिकेत ड्रम मशीनवरचं डान्स-पॉप आणि केस पिंजारलेल्या मंडळींचं ग्लॅम मेटल जोरात होतं. त्या गर्दीत हे गाणं तीस वर्षं जुनं वाटावं असं आहे.

यावर कुणी म्हणेल, पुढचं काय नि मागचं काय, लोकांचे कान तयार नव्हते एवढं तरी खरं ना? तेही नाही. ऑर्बिसन डिसेंबर १९८८ मध्ये वारला. त्याचा ‘मिस्ट्री गर्ल’ अल्बम १९८९ च्या सुरुवातीला आला आणि अमेरिकेत पहिल्या पाचांत गेला. त्यातलं ‘यू गॉट इट’ पहिल्या दहांत पोचलं. म्हणजे ज्या वर्षी आयझॅकचं गाणं पडून राहिलं, त्याच वर्षी त्याच घराण्याचा आवाज अमेरिकन लोक रेडिओवर आवडीनं ऐकत होते. ऑर्बिसनमागे नावाचं वलय होतं, ताज्या मृत्यूची हळहळ होती. आयझॅककडे यातलं काहीच नव्हतं, आणि त्याला कुठल्या खान्यात टाकायचं हेही कुणाला ठरवता येत नव्हतं. तिथला रेडिओ खान्यांत वाटलेला: टॉप-४० चं, म्हणजे चालू लोकप्रिय गाणी वाजवणारं स्टेशन वेगळं, रॉकचं वेगळं, कंट्रीचं वेगळं. माझ्या मते हे गाणं रॉकवाल्यांना फार मऊ आणि टॉप-४० वाल्यांना फार संथ वाटलं असणार. अडथळा होता तो श्रोत्यांच्या आणि गाण्याच्या मध्ये बसलेल्या माणसांचा, आणि तो दूरही अशाच एका माणसानं केला.

आता मुख्य दावा, सिनेमाचा. सिनेमा म्हणजे ‘वाइल्ड ॲट हार्ट’. मे १९९० मध्ये कान महोत्सवात त्याला पाम द’ओर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तेही प्रेक्षकांतून टाळ्यांबरोबर हुर्यो उडत असताना. ऑगस्टमध्ये तो अमेरिकेत लागला आणि बेताचाच चालला. देशभर लाट उसळावी असं त्याच्या तिकीटबारीवर काही घडलं नाही. शिवाय गोष्ट सांगणारे एक बारीकशी बाब गाळतात: सिनेमात या गाण्याची शब्दांविना आवृत्ती आहे. रात्रीच्या सुनसान रस्त्यावरून गाडी चालली आहे, आणि मागून ती गिटार येते. आयझॅकचा आवाज नाही, ध्रुपद नाही, ‘मला प्रेमात पडायचं नाही’ ही विनवणी नाही. थिएटरमधून बाहेर पडलेल्या माणसाला गुणगुणायला शब्दच नव्हते. नाव हवं असेल तर श्रेयनामावलीत शोधावं लागणार. अशा प्रेक्षकांच्या जिवावर रातोरात गाणं गाजत नाही.

गाजवलं ते अटलांटाच्या एका रेडिओ स्टेशननं. डब्ल्यूएपीडब्ल्यू हे त्याचं नाव, आणि तिथला संगीत संचालक ली चेस्टनट हा लिंचच्या सिनेमांचा वेडा. १९९० हे लिंचचं वर्ष होतं. एप्रिलपासून त्याची ‘ट्विन पीक्स’ ही मालिका टीव्हीवर सुरू होती आणि लोक त्याबद्दल तावातावानं बोलत होते. चेस्टनटनं सिनेमात ती धून हेरली, मूळ अल्बममधली शब्दांसकट आवृत्ती काढली आणि आपल्या स्टेशनवरून वाजवायला लागला. तेव्हाच्या टॉप-४० स्टेशनचं काम कसं चालायचं ते इथे ध्यानात घ्यायला हवं. मोजकी गाणी, तीच दिवसभर आलटून पालटून. यादीत काय जायचं ते संगीत संचालक ठरवणार. कंपनीची माणसं नवीन रेकॉर्ड पुढे करत त्याच्या दारात उभी. अशा जागी वर्षभरापूर्वीच्या, निपचित पडलेल्या अल्बममधलं गाणं कुणीही मागितलेलं नसताना यादीत घालणं म्हणजे स्वतःच्या नावावर जोखीम घेणं. फोन यायला लागले, इतर शहरांतल्या स्टेशनांनी गाणं उचललं आणि १९९१ च्या सुरुवातीला ते बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या मुख्य लोकप्रियता-यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. ब्रिटनमध्ये ते पहिल्या दहांत आलं होतंच.

सिनेमाचं श्रेय मी शून्य करत नाही. सिनेमा नसता तर चेस्टनटच्या कानावर ती गिटार पडली नसती. पण सिनेमानं गाणं पोचवलं ते एका योग्य माणसापर्यंत. जगापर्यंत नेलं त्या माणसानं. आणि ‘रातोरात’ म्हणाल तर अल्बम १९८९ चा, सिनेमा अमेरिकेत लागला ऑगस्ट १९९० मध्ये आणि शिखर १९९१ मध्ये. फार लांबलेली रात्र म्हणायची ही.

असं एकट्या याच गाण्याचं झालं असंही नाही. एकतर्फी ओढीचं दुसरं गाणं घ्या, रेडिओहेड या ब्रिटिश बँडचं ‘क्रीप’. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये आलं आणि ७८ व्या क्रमांकावर अडकलं. तिकडे इस्राएलमध्ये योआव कुटनर या रेडिओ निवेदकानं ते लावून धरलं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्टेशनांनी उचललं, आणि १९९३ मध्ये पुन्हा काढल्यावर तेच गाणं त्याच ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेलं. वर्षभरात गाण्यात एक स्वरही बदलला नव्हता.

काही जण सिनेमाऐवजी व्हिडिओला श्रेय देतात. काळ्यापांढऱ्यात हवाईचा समुद्रकिनारा, मॉडेल हेलेना क्रिस्टेन्सन आणि आयझॅक, दिग्दर्शक हर्ब रिट्स. तो व्हिडिओ सुंदर आहे यात वाद नाही, १९९१ च्या एमटीव्ही पुरस्कारांत त्यानं तीन बक्षिसं घेतली. पण तो दुसरा व्हिडिओ. पहिला लिंचनं केला होता, सिनेमातली दृश्यं घालून. रिट्सचा १९९१ मध्ये आला तेव्हा अटलांटानं आपलं काम केलेलं होतं. त्यानं गाण्याला चेहरा दिला, आयुष्य वाढवलं. उठवलं मात्र नाही.

‘प्रेमभंगातून लिहिलं’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण त्यानं गाणंच चुकीचं ऐकलं जातं. आयझॅकनं स्वतः सांगितलं आहे की एका रात्री उशिरा एका बाईचा फोन आला, तिला त्याच्याकडे यायचं होतं, आणि ही भानगड आपल्याला महागात पडणार हे त्याला कळत होतं. गाणं लिहिलं गेलं ते त्या वेळात. यात कुणी सोडून गेलेलं नाही. अजून कुणी आलेलंही नाही. गाण्यातला माणूस ‘तू का गेलीस’ असं विचारत नाही. आपल्याला अशी स्वप्नं पडायला लावणाऱ्या तिच्यावर तो चिडलेला आहे, आणि त्याहून जास्त स्वतःवर.

रचनाही तेच सांगते. अख्ख्या गाण्याला तीन कॉर्ड आहेत: बी मायनर, ए, ई. कडव्याला तेच, ध्रुपदालाही तेच, त्याच क्रमानं. साधारण पॉप गाण्यात ध्रुपद आलं की कॉर्ड बदलतात, मोकळं झाल्यासारखं वाटतं. इथे ती सोय नाही. कॉर्ड जागचे हलत नाहीत, फक्त आवाज उसळी घेऊन फॉल्सेटोत जातो, म्हणजे सुटायची धडपड सगळी गळ्यात आणि खालची जमीन तिथेच. तो ‘नको’ म्हणतो तेव्हा मागून बायकांचे आवाज त्याला बजावतात की जग तुझं मन मोडणारच आहे. आणि शेवटी वाद्यं ओसरत असताना, जवळजवळ बोलल्यासारखं, कुणी कुणावर प्रेमच करत नाही असं तो म्हणून टाकतो. प्रेमभंग झालेला माणूस इतक्या थंडपणे असं म्हणत नाही. प्रेमाची भीती बसलेला म्हणतो.

‘गायक गायब झाला’ याला फार जागा देण्यात अर्थ नाही. १९९५ चा ‘फॉरेव्हर ब्लू’ चांगला खपला, ग्रॅमीच्या नामांकनात होता. १९९९ मध्ये स्टॅन्ली क्युब्रिकच्या ‘आइज वाइड शट’मध्ये त्याचं गाणं आहे. २००१ ते २००४ त्याच्या नावाची टीव्ही मालिका चालली. लिंचच्या ‘ट्विन पीक्स’वरच्या १९९२ च्या सिनेमात तर तो एफबीआयचा माणूस म्हणून पडद्यावर दिसतो, आणि गंमत म्हणजे त्या कथेत खरंच गायब होतो. गोष्ट रचणाऱ्यांनी बहुधा तेवढंच पाहिलं असावं.

राहिलं ते शेवटचं वाक्य, खरी कला दडून राहत नसल्याचं. त्याची परीक्षा याच गाण्यात घेता येते. ‘विकेड गेम’ ओळखू येतं ते पहिल्या चार-पाच सेकंदांत, आयझॅकनं तोंड उघडायच्या आधी. एक सूर ताणून धरलेला, गिटारीवरची सूर हलवायची दांडी दाबून थरथरवलेला, मग हळूच खाली घसरणारा. सुरांची ही वाक्यं वाजवणारा जेम्स कॅल्व्हिन विल्सी. त्यापूर्वी तो सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘द ॲव्हेंजर्स’ या पंक बँडमध्ये बास वाजवायचा. जानेवारी १९७८ मध्ये सेक्स पिस्टल्स या गाजलेल्या ब्रिटिश पंक बँडचा तेव्हाचा शेवटचा कार्यक्रम झाला तेव्हा त्यांच्याआधी मंचावर हाच बँड होता. इतका हळुवार सूर त्या गोंगाटातून आलेल्या हातांचा आहे, हे त्या व्हायरल गोष्टीत कधीच नसतं. लिंचनं सिनेमात जे घेतलं, चेस्टनटच्या कानात जे अडकलं, ते विल्सीचं वाजवणं. तिथे शब्द तर नव्हतेच.

विल्सी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आयझॅकच्या बँडमधून बाहेर पडला. पुढची वर्षं व्यसनात आणि हलाखीत गेली. २००८ मध्ये त्यानं ‘एल डोराडो’ हा स्वतःचा वाद्यसंगीताचा अल्बम काढला. त्यात तोच हात आहे, तोच थरथरता सूर. तो कुणी सिनेमात घेतला नाही, कुठल्या संगीत संचालकानं रात्रंदिवस वाजवला नाही, आणि कला खरी असूनही तो दडूनच राहिला. डिसेंबर २०१८ मध्ये विल्सी वारला.

मूळ गाणं मात्र फिरत राहिलं. फिनलंडच्या एचआयएम या बँडनं ते जड गिटारींवर गायलं, ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सहाव्या पर्वाच्या जाहिरातीत जेम्स व्हिन्सेंट मॅकमॉरोच्या आवाजात वाजलं. दर नव्या आवृत्तीचे पैसे गीतकार-संगीतकाराला जातात, आणि तिथे नाव एकट्या आयझॅकचं आहे. गाणं त्यानं लिहिलं, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. पण अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तरी मानधन रचना करणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला मिळतं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना द्यायला कायदा स्टेशनला भागच पाडत नाही. अटलांटाच्या त्या स्टेशननं आणि त्याचं पाहून देशभरच्या स्टेशनांनी ती गिटार कितीही वेळा वाजवली असली, तरी त्या वाजवण्याचा एक सेंटही ती विल्सीला देणं लागत नव्हती.