‘नुसती वायर जोडली आणि २,७०० रुपये घेतले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आधीच्या गॅरेजने टेम्परेचर सेन्सर दोनदा बदलला तरी चेक इंजिनची लाइट परत लागली. आमच्याकडे गाडी दोन दिवस पडून राहिली, शेवटी आम्ही एक वायर जोडली आणि २,७०० घेतले. गाडी न विचारता धुतली, त्याचेही पैसे लावले. आणि मी तुमच्याशी तिरसटपणे बोललो.

शेवटच्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. धुलाईचे ३०० पोराने सवयीने बिलात टाकले, मी बघायला हवं होतं. ते आज तुम्हाला परत पाठवतो. आणि ‘मग तुम्हीच शोधा फॉल्ट’ हे मी फोनवर बोललो, तेही चुकलंच. शुक्रवारी संध्याकाळी आपण होऊन फोन करून काम कुठे अडलंय ते सांगितलं असतं, तर तुम्हाला चिडायची वेळच आली नसती.

पण ‘स्कॅनर पाच मिनिटांत सांगतो, दोन दिवस कशाला?’ याचं उत्तर द्यायला हवं, कारण हा प्रश्न आमच्याकडे रोज कोणी ना कोणी विचारतं.

स्कॅनर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचतो. तुमच्या गाडीत तो होता पी ०११८. त्याचा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही. कूलंट टेम्परेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त येतंय, एवढंच तो सांगतो. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर (वायरी जोडायचा प्लग), दोन वायरी, अर्थिंग आणि पलीकडे ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर. कोड तुम्हाला चाळीपर्यंत आणून सोडतो, खोली आपल्यालाच शोधावी लागते. ईसीएम त्या वायरवर ५ व्होल्ट देतो. इंजिन तापलं की सेन्सरचा रेझिस्टन्स उतरतो, त्याबरोबर व्होल्टेज उतरतं, त्यावरून ईसीएमला तापमान कळतं. वायर कुठेही तुटली की पूर्ण ५ व्होल्ट तसेच राहतात आणि ईसीएमला वाटतं इंजिन उणे ४० डिग्रीवर आहे. परळमध्ये, ऐन ऑक्टोबरात! मग आकड्यावर भरवसा नाही म्हणून एसी बंद असतानाही फॅन सतत फिरतो, इंजिन गार समजून पेट्रोल जास्त जातं, गरम गाडी लवकर स्टार्ट होत नाही. ही तिन्ही लक्षणं तुम्हीच आम्हाला सांगितली होती.

शुक्रवारी आधी सेन्सर काढून पाहिला. चहाच्या टोपात पाणी उकळून त्यात धरला (चहावाला पोरगा अजून रुसलाय). गार असताना दोन हजार ओहमच्या आसपास, उकळत्या पाण्यात दोनशेच्या जवळ. म्हणजे सेन्सर ठणठणीत. कपलर सोडला की स्कॅनरवर उणे ४०, दोन्ही पिना तारेने जोडल्या की आकडा १३० च्या पुढे. म्हणजे वायरीही ठीक, ईसीएमही ठीक. वायर जोडलेली असली की मीटर बीप देतो, तोही देत होता. उभ्या गाडीत सगळं बरोबर, आणि लाइट तर तुम्हाला रोज लागत होती.

शनिवारी सकाळी स्कॅनर लावून मी स्वतः लालबागच्या उड्डाणपुलावर ट्रायल मारली. पुलाच्या सांध्यावर गाडी जराशी उडाली आणि ८९ वरून आकडा थेट उणे ४०, पुढच्या क्षणी परत ८९. दुसऱ्या सांध्यावर पुन्हा तेच. तिथे खात्री झाली की वायर हलली की तुटतेय.

गॅरेजवर येऊन इंजिन चालू ठेवून वायरिंग हाताने वीत-वीत हलवत गेलो. बॅटरीच्या ट्रेखाली हात गेला आणि आकडा पडला. बॅटरी कधीतरी बदलताना वायरिंगची क्लिप परत बसवलेली नव्हती, त्यामुळे ते पत्र्याच्या कडेवर घासत होतं. टेप सोडली तर आत तांबं हिरवं पडलेलं, दोन-तीन तारांवर सगळं लटकलेलं. तेवढ्या तारांवर मीटर बीप देतो, म्हणून नुसत्या बीपवर विसंबून चालत नाही. तो तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, क्लिप लावली.

‘नुसती वायर’ म्हणालात ती ही. वायरिंगचे ८०० आणि तपासणीचे १,६००, ते मात्र मी कमी करणार नाही. तिसरा सेन्सर टाकून ‘झालं’ म्हणालो असतो तर अर्ध्या तासात गाडी दिली असती, आणि चार दिवसांत तुम्ही परत आला असता.

कापलेला वायरचा तुकडा काउंटरवर पिशवीत ठेवलाय. आधीच्या गॅरेजने काढून तुम्हाला दिलेला सेन्सर डिकीत होता, तोही मीटरवर पाहिला, चांगला आहे, त्याच पिशवीत आहे. रविवार सोडून कधीही या आणि घेऊन जा.