फुकट आहे म्हणून दम द्यायचा?

"बघा, दम दिला की काम होतं." आज सकाळी कंपनीच्या कॉलवर साहेबांनी हे वाक्य टाकलं आणि तेव्हापासून डोकं सटकलंय. जेवणही धड गेलं नाही. लिहिताना शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

झालं असं. आमच्या सॉफ्टवेअरमधून बिलाची पीडीएफ निघते. ती ज्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या तयार कोडवर चालते ती ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला; आम्ही एक रुपयाही न देता वापरतो. ती सांभाळणारा माणूस एकटा. परदेशात कुठेतरी दिवसा नोकरी करतो आणि रात्री हे बघतो. त्याच्या नव्या व्हर्जननंतर आमच्या बिलांवर ₹ च्या जागी चौकोन यायला लागला. क्लायंट बोंबलला. साहेब म्हणाले, "गिटहबवर त्याला जरा कडक भाषेत लिहा." गिटहब म्हणजे असा कोड जिथे ठेवतात आणि त्यातल्या चुका कळवतात ती साइट. मी तिथे फक्त एरर आणि नमुन्याची फाइल टाकली. पण टीममधल्या एकाने खाली लिहिलंच, की हे अजिबात चालणार नाही, कधी दुरुस्त करताय ते कळवा. त्या माणसाने रात्रीत दुरुस्ती केली आणि वर माफी मागितली! मुलगी तापाने आजारी होती म्हणून उशीर झाला म्हणे.

माफी कुणी कुणाची मागायची, सांगा की!

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. मालाच्या हिशोबाची पट्टी करताना अडत, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहायचे. पोतं उचलणाऱ्याला "तुला आवडतं म्हणून उचलतोस ना" असं म्हणून रिकाम्या हाताने लावून देणारा व्यापारी मी तरी पाहिला नाही. हमालांसाठी या राज्यात 1969 साली माथाडी कायदा झाला, तोही काही आपोआप झाला नाही, त्यासाठी लोक भांडले. आमच्या एसीतल्या धंद्यात मात्र ओझं वाहणाऱ्यालाच विचारायचं, एवढा वेळ का लागला?

आणि हे नुसतं वागण्याबोलण्याचं नाही. 2024 च्या मार्चमधलं एक्सझेडचं प्रकरण आठवतंय? एक्सझेड म्हणजे लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइल दाबून लहान करणारं साधन. लासे कॉलिन नावाचा माणूस वर्षानुवर्षं ते सांभाळत होता. 2022 मध्ये काही अनोळखी खात्यांनी त्याच्यामागे भुणभुण लावली, काम फार हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी दे. त्याने सांगितलं की मानसिक तब्येतीमुळे फार जमत नाही आणि हा बिनपगारी छंद आहे. 'जिया टॅन' नावाने कुणीतरी त्याआधीच मदतीला आलेलं होतं, त्याने दोनेक वर्षं मुकाट्याने काम करून विश्वास कमावला आणि शेवटी आत चोरवाट बसवली. ती सगळीकडे पसरण्याआधी सापडली, कारण मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंडला पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चाचण्या घेताना एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. अर्धा सेकंद! भुणभुण करणारी ती खातीही त्याच कटातली असावीत असा दाट संशय आहे. आता त्यांचे मेल आणि आमची कमेंट शेजारीशेजारी ठेवा. भाषा तीच. चोरांची आणि आमची.

त्याआधी 2014 मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं, तेव्हा कळलं की माहिती सुरक्षित पाठवायला जगभरच्या साइट ज्या ओपनएसएसएलवर विसंबून आहेत त्याला वर्षाला देणग्या येतात 2000 डॉलरच्या आसपास. तेव्हा चार दिवस सगळे हळहळले.

कुणी म्हणेल, मग त्या पीडीएफवाल्याने लायसन्स बदलावं, पैसे लावावेत. रेडिस नावाचा डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीने मार्च 2024 मध्ये लायसन्स आवळलं, क्लाउडवाले (सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्या) आमच्या जिवावर कमावतात म्हणून. लगेच लोकांनी त्याचाच जुना खुला कोड घेऊन वाल्की नावाने वेगळी चूल मांडली, आणि मे 2025 मध्ये रेडिस परत ओपन सोर्स लायसन्सवर आलं. पण रेडिसकडे वकील आहेत, गुंतवणूकदार आहेत. या पीडीएफवाल्याकडे काय आहे? तापाने फणफणलेली पोर.

हो, लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं बरंचसं काम आज कंपन्यांचे पगारी लोकच करतात, मान्य. शेअर ब्रोकर झिरोधाने 2024 मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा फंड काढला, तेही मान्य. आणि कसलीही हमी नाही असं लायसन्समध्येच लिहिलेलं असतं. मग तेवढी एक ओळ साहेबांना कुणी का वाचून दाखवत नाही?

साहेब माणूस वाईट नाहीत, हेही लिहायला पाहिजे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा त्यांनीच फोन करून सांगितलं होतं, "लॅपटॉप बंद कर, आधी घरच्यांना बघ." मी ते विसरलेलो नाही. म्हणून तर जास्त लागलं. माझ्या घरात पाणी आलं की सुट्टी, आणि ज्याला आम्ही दमडी देत नाही त्याच्या घरात ताप आला तर दम? तो पगारावर नाही म्हणून त्याला घर नाही का?

असो. दुपारी जरा शांत झाल्यावर अकाउंट्सला मेल टाकला, या माणसाला महिन्याला पाच हजार रुपये पाठवू या. उत्तर आलं: इन्व्हॉइस हवं, व्हेंडर फॉर्म भरून हवा, आणि पॉलिसीप्रमाणे तीन कोटेशन जोडा. आता फुकटच्या गोष्टीला तीन कोटेशन कुठून आणू, राव!

आयटीतल्या मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी कंपनीकडून असे पैसे काढून दाखवले असतील तर ते खर्चाच्या कुठल्या हेडखाली टाकले एवढं सांगा. एएमसी (वार्षिक देखभाल करार) म्हणून खपतं का? साहेबांना सीसीत ठेवून उद्या परत मेल करतोय.