खुलासा : खारफुटी तोडली म्हणून वाशी-नेरूळचं पाणी ओसरणार नाही

आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय : 'खाडीकाठची खारफुटी पाणी अडवते, म्हणून नवी मुंबई तुंबते. ती काढून भिंत बांधा.' हे चूक आहे आणि धोक्याचंही.

नवी मुंबईचा बराच भाग खाजणं (खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनी) भरून उभा राहिला. भरतीच्या वेळी खाडीची पातळी वर येते, तेव्हा सखल नोडमधलं (शहराच्या आखीव वसाहतींमधलं) पाणी आपसूक बाहेर जाऊच शकत नाही. म्हणून शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेने धारण तलाव केले. भरतीला त्यांच्या झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला झडपा उघडून ते खाडीत जातं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात मुसळधार पाऊस आला, की तलावाची साठवण कमी पडते. इथेच तुंबतं.

गैरसमजाचं मूळही इथेच असावं. या तलावांत गाळ साचून आत खारफुटी वाढली आहे. तिथला गाळ काढणं गरजेचं आहे, पण परवानगी घेऊन. खाडीकाठच्या तिवरांचा, म्हणजे तिथल्या खारफुटीचा प्रश्न वेगळा. त्यांची मुळं लाटेचा जोर मोडतात, गाळ धरतात आणि काठ टिकवतात. भिंतीवर आपटलेली लाट मात्र उलटून पायथ्याची माती ओढते.

शिवाय उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार राज्यात खारफुटी तोडायला बंदी आहे. ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

संदेश पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.