बारा इंच, पण कशाचे?

कारच्या स्पीकरबद्दल एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत येतो. त्यातला ऐवज साधारण असा: स्पीकर जितका मोठा तितका आवाज दमदार. दारातले साडेसहा इंची काहीच कामाचे नाहीत, मागे ६×९ इंची ठोका. सबवूफर (फक्त खालच्या सुरांसाठीचा स्पीकर, थोडक्यात ‘सब’) घ्यायचाच तर १२ इंची घ्या, ८ इंची म्हणजे खेळणं. आणि निवडताना खोक्यावरचे वॅट बघा. ऐकणाऱ्याला हे पटतं, कारण मोठा ढोल जास्त घुमतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण यात खरं आहे ते अर्धंच, आणि उरलेल्या अर्ध्यापायी लोक चुकीच्या जागी पैसे घालतात.

मुळात हे इंच कशाचे? साडेसहा इंची स्पीकर हातात घेऊन पट्टी लावून बघा. साडेसहा भरते ती साधारण बाहेरची फ्रेम. स्क्रूची कड आणि सराउंडचा, म्हणजे भोवतीच्या लवचिक कडेचा, बराचसा भाग वजा केला, की प्रत्यक्ष हवा ढकलणारा ‘कोन’, म्हणजे शंकूसारखा पडदा, उरतो जेमतेम पाच इंचांचा, म्हणजे साधारण १३० चौरस सेंटिमीटर. ६×९ची तर गंमतच आहे. नाव ऐकून राक्षस वाटतो. पण तो लंबगोल. सहा नव्वे चोपन्न, चोपन्नचं वर्गमूळ ७.३५. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशोबात तो साडेसात इंचांहूनही किंचित लहान अशा गोल स्पीकरएवढा. साधा आठ इंची गोल त्याला मागे टाकतो.

‘मोठा कोन म्हणजे जास्त बेस’, म्हणजे जास्त खालचे सूर, हा संदेशातला सगळ्यात भारी मुद्दा, म्हणून तो नीट बघू. खालचे सूर काढायचे तर हवा हलवावी लागते. किती हवा हलली ते दोन गोष्टींवर ठरतं: कोन केवढा आहे आणि तो पुढे-मागे किती सरकतो. बारा इंची सबचा कोन साधारण ४८० चौरस सेंटिमीटरचा. तो ५ मिलिमीटर सरकला तर २४० घनसेंटिमीटर हवा ढकलली गेली. आठ इंचीचा कोन साधारण २१०चा, पण त्याची कॉइल (कोनला हलवणारी तारेची गुंडाळी) १२ मिलिमीटर सरकायच्या ताकदीची असेल तर हिशोब होतो २५२. खेळणं पुढे गेलं की! शिवाय एक सप्तक खाली उतरलात की तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवा लागते. ८० हर्ट्झला जेवढ्यात भागतं त्याच्या चौपट ४० हर्ट्झला, आणि बेस गिटारची सगळ्यात जाड तार वाजते ४१ला. त्यामुळे दोन कोन सारखेच सरकत असतील तर मोठाच जिंकणार, आणि त्याचा आवाज फाटणारही उशिरा. इथपर्यंत संदेश बरोबर आहे.

पण सब उघडा वाजत नाही, बॉक्समध्ये वाजतो. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकर आणि बॉक्स यांचं गणित मांडलं. आज स्पीकरच्या माहितीपत्रकात जे आकडे छापतात, ते त्याच दोघांच्या नावाने ओळखले जातात. बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी वागते. बॉक्स जितका लहान तितकी ती स्प्रिंग कडक. डिकीत सामानालाही जागा हवी म्हणून बाराचा सब चिमुकल्या बॉक्समध्ये कोंबला, की त्याची अनुनादाची वारंवारता, म्हणजे ज्या सुराला तो आपोआप घुमतो तो सूर, वर चढते, तिथे एक उंचवटा तयार होतो आणि खालचे सूर गळतात. मग प्रत्येक गाण्यात तोच एक ‘ढुम्म’. बॉक्स लहान, सूर खोल आणि वीज कमी, या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. हा हॉफमनचा नियम, आणि इंच वाढवून तो मोडता येत नाही.

उलट गाडी लहान सबला हात देते. केबिनची लांबी अडीच मीटर धरली तर साधारण ७० हर्ट्झच्या खाली ध्वनीची अर्धी लाटही आत मावत नाही. तिथून पुढे हवेचा दाब एकदम साऱ्या केबिनभर वरखाली होतो आणि बेस आपोआप चढत जातो. हिशोबाने दर सप्तकाला १२ डेसिबल, प्रत्यक्षात कमी, कारण दारं-काचांच्या फटींतून दाब निसटतो. बंद बॉक्सचा बेस साधारण त्याच वेगाने उतरत असतो. एक चढ, एक उतार. म्हणून मोठ्या खोलीत केविलवाणा वाटणारा आठ इंची सब गाडीत खोलवर पोचतो.

(उलट्या टोकाचे लोकही आहेत: ‘मोठा सब ढिला असतो, ठेका पकडत नाही.’ तेही खरं नाही. जड कोनला तसंच तगडं चुंबक दिलं की झालं. ढिला वाटतो तो बहुतेकदा बॉक्सचा उंचवटा, नाहीतर सब आणि दारातल्या स्पीकरचा जुळवताना चुकलेला मेळ.)

‘मागे ६×९ ठोका’ हा सल्ला वेगळी डिकी असलेल्या सेडानच्या काळातला आहे. तिथे मागच्या शेल्फखाली अख्खी डिकी आयता बॉक्स म्हणून मिळायची. बेसचं निम्मं श्रेय त्या डिकीचं. हॅचबॅकमध्ये शेल्फ म्हणजे सैल फळी. कोनच्या पुढची आणि मागची हवा फटींतून एकमेकींना भेटते आणि बेस आपसातच जिरतो. वर फळी खडखडते ते वेगळंच.

दारात आठ इंची बसवण्याचाही एक तोटा आहे. ध्वनीची लाट कोनच्या रुंदीएवढी आखूड झाली की आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोरच जातो. साडेसहाच्या बाबतीत हे साधारण अडीच हजार हर्ट्झच्या आसपास होतं, मोठ्या कोनच्या बाबतीत त्याआधीच. आणि दारातला स्पीकर तुमच्या कानाकडे नाही, पोटरीकडे बघत असतो.

वॅटचं थोडक्यात: दुप्पट वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबल. तेवढ्याच विजेत ८७ डेसिबल आवाज देणाऱ्या स्पीकरऐवजी ९० देणारा घेतला तर तेच काम अर्ध्या विजेत होतं. आणि ‘५० वॅट गुणिले चार’ लिहिलेला स्टीरिओ १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला सलग २६ वॅटच्या वर देऊच शकत नाही.

माझ्या एका मित्राने हॅचबॅकमध्ये ६×९ बसवले आणि बेस पूर्वीपेक्षा कमी झाला म्हणून वैतागून गाडी माझ्याकडे आणली. आम्ही दाराचं पॅनल काढलं. आतल्या पत्र्याला तळहाताएवढी भोकं, त्यांवर अर्धवट सुटलेला प्लॅस्टिकचा कागद. दारातल्या स्पीकरच्या वायरी स्टीरिओपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला, तर उजवा कोन बाहेर आला आणि डावा आत गेला. बसवणाऱ्याने एका बाजूच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. एक हवा ढकलत होता, दुसरा ओढत होता. वायरी सरळ केल्या, भोकं डॅम्पिंग शीटने (पत्र्याची थरथर जिरवणाऱ्या चिकट पत्रकाने) बंद केली, फ्रेम आणि पॅनलच्या मधल्या फटीत फोमची पट्टी लावली. स्पीकर तेच, कंपनीचे साडेसहा इंची. मित्राने गाणं लावलं, दोन मिनिटं ऐकलं आणि स्टीरिओवरून मागच्या ६×९चा आवाज शून्यावर आणला.