लांडग्याला कासोटा घालता येत नाही

आज लेकीच्या दप्तरातून एक चिठ्ठी निघाली. कथाकथन स्पर्धा, इयत्ता दुसरी. शेरा: 'सादरीकरण छान. भाषा शुद्ध हवी. मूळ कथेत बदल करू नये.' दुपारपासून डोकं तडकलंय. त्या नादात भात करपला तो वेगळाच.

गोष्ट लाल टोपीवालीची. पण आमच्या घरात ती सासूबाईंची. त्या कुडाळकडच्या, मी सातारची. लाल टोपीच्या जागी त्यांच्या गोष्टीत लाल इरलं आहे आणि टोपलीत घावणे नि सुकटीची चटणी. लांडगा पोचतो तर आजी घरात नाहीच, ती गेलीय देवळात दशावतार बघायला. मग हा तिचं लुगडं नेसायला घेतो. कासोटा काही केल्या जमत नाही. 'आता ही शेपटी खंय घालू?' म्हणत तो स्वतःभोवतीच गरगर फिरतो, आणि सासूबाई, वय एकाहत्तर, गुडघे विसरून उठतात, पदराचं टोक मागे धरून फिरून दाखवतात. लेक हसून हसून गादीवरून खाली येते. रोज. तीच गोष्ट, तीच शेपटी.

(इरलं पावसातलं, दशावतार पावसाळा सरल्यावरचा, दोन्ही एकाच दिवशी कसं, ही शंका नवऱ्याने काढून झालीय. असू दे. लांडगा बोलतो ते चालतं ना?)

आणि मूळ कथा म्हणे! कुठली मूळ? पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली छापली त्यात लांडगा पोरीला खातो आणि गोष्ट खल्लास. शिकारी आणून, लांडग्याचं पोट फाडून आजी-नातीला जिवंत काढलं ते ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात. त्यांना दिली का कुणी चिठ्ठी? त्याच पुस्तकात कोळी आणि त्याच्या हावरट बायकोची गोष्ट चक्क उत्तर जर्मनीकडच्या बोलीत आहे. तशीच्या तशी छापली. आमच्या सासूबाईंनी तर कुणाला मारलंही नाही. लांडगा भुकेपोटी चटणी खातो, नाकातोंडातून धूर काढत विहिरीकडे धावतो आणि लुगड्यात पाय अडकून शेणात पडतो. बास.

प्रमाण मराठी यायला हवी, मान्य. पेपर त्यातच लिहायचाय. आणि बोलीच्या नावावर मोबाइलवर जे शिव्यांचं दुकान चालतं ते मलाही ऐकवत नाही. पण दुसरीतल्या पोरीच्या तोंडी शिवी कुठे होती? 'खंय' ही शिवी आहे? मालवणी फक्त नाटकातल्या गड्याने बोलायची आणि आपण खुर्चीत बसून हसायचं, एवढीच सोय ठेवलीय का तिची?

इथपर्यंत टाइप केलं आणि थांबले. कारण लेक वर्षाची असताना मीच म्हटलं होतं, 'आई, हिच्याशी जरा नीट मराठीत बोलाल का?' नीट. हाच शब्द. त्या काही बोलल्या नाहीत. नंतर महिनाभर बाळाला मांडीवर घेऊन नुसत्या थोपटायच्या. गप्प. मला वाटलं, थकल्या असतील. ही शेपटीची गोष्ट तिच्या कानावर पडायला पुढे किती दिवस गेले, ते मी मोजलेलं नाही.

चिठ्ठी लपवायला हवी होती. फ्रिजवर ठेवली आणि त्यांनी चष्मा लावून वाचली. जेवताना विषय काढला नाही.

आत्ता आतल्या खोलीतून आवाज येतोय. 'एका गावात एक मुलगी राहत असे. तिची आजी जंगलापलीकडे राहत असे.' राहत असे! आमच्या सासूबाई! पुस्तक वाचल्यासारख्या सांगतायत, एकेक शब्द जपून. लांडगा आला. लांडग्याने आजीचे कपडे घातले. लांडगा पलंगावर झोपला.

मग जरा वेळ काहीच नाही. आणि लेकीचा आवाज, 'आज्ये, शेपटी खंय गेली?'