मार्जरीन आणि प्लॅस्टिक: ‘एका रेणूच्या फरका’चा खोटेपणा

मार्जरीन या लोण्याच्या स्वस्त पर्यायाबद्दलचा एक संदेश आधी ईमेलवरून फिरायचा, आता व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतो. मजकूर साधारण असा: मार्जरीन मुळात टर्की पक्ष्यांना पुष्ट करण्यासाठी बनवलं होतं आणि ते खाऊन पक्षी मेले. तेलात हायड्रोजन घालून त्याची रेणूरचना बदललेली असते. ते प्लॅस्टिकपासून फक्त एका रेणूने दूर आहे. रंगाशी (पेंटशी) त्याचे 27 घटक जुळतात. उघड्यावर ठेवलं तर त्यावर माशी बसत नाही की बुरशी येत नाही. म्हणून लोणीच बरं. शेवटी ‘सर्वांना पाठवा’ हे असतंच.

मार्जरीनची वकिली मला करायची नाही. पण या संदेशातल्या चुकीच्या रसायनशास्त्रामुळे खरा धोका नजरेआड होतो, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

टर्कीची गोष्ट तर निव्वळ बनावट आहे. लोण्याला स्वस्त पर्याय शोधणाऱ्यासाठी फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने बक्षीस लावलं होतं. ते इपोलित मेज-मुरिए या रसायनतज्ज्ञाने 1869 मध्ये मिळवलं. त्याचं मार्जरीन गाईच्या चरबीपासून आणि दुधापासून बनायचं. हायड्रोजनचा त्यात संबंधच नव्हता.

आता मुख्य वाक्य, ‘एका रेणूने दूर’. रेणू म्हणजे पदार्थाचा गुणधर्म टिकवणारा सगळ्यांत लहान कण. दोन पदार्थ वेगळे असतात तेव्हा त्यांचे रेणूच वेगळे असतात, त्यामुळे ‘एका रेणूचा फरक’ याला काही अर्थ लागत नाही. लिहिणाऱ्याला ‘एका अणूचा फरक’ म्हणायचं होतं असं समजू. तरी उपयोग नाही. पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन वाढवला की हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि ते कोणी पाणी म्हणून पीत नाही. इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर यांच्यात तर तेवढाही फरक नाही. दोघांत दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. तरी इथेनॉल द्रवरूप असतं आणि 78 अंश सेल्सिअसला उकळतं, तर डायमिथाइल ईथर उणे 24 अंशांनाच उकळून जातं, म्हणजे एरवी वायूच असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजनला एका बाजूने हायड्रोजन जोडलेला आहे, ईथरमध्ये तो दोन कार्बनच्या मधोमध अडकलाय. अणू किती आहेत यापेक्षा कोण कोणाला जोडलंय यावर सगळं ठरतं. अणूंच्या अशा ठरावीक जोडणीलाच क्रियात्मक गट म्हणतात.

मग खरोखरच दोन्ही रेणू शेजारी ठेवू. पॉलिथिन, म्हणजे पिशव्यांचं नेहमीचं प्लॅस्टिक, हा हायड्रोकार्बन आहे: कार्बनची हजारो अणूंची लांबच लांब साखळी, प्रत्येक कार्बनवर दोन हायड्रोजन, बाकी काही नाही. स्निग्ध पदार्थाचा रेणू म्हणजे ट्रायग्लिसराइड. त्यात एका ग्लिसरॉलला मेदाम्लाच्या तीन शेपट्या जोडलेल्या असतात आणि प्रत्येक जोडावर एक एस्टर गट, म्हणजे ऑक्सिजन असलेला क्रियात्मक गट, असतो. उदाहरणार्थ ट्रायस्टिअरिन: 57 कार्बन, 110 हायड्रोजन, 6 ऑक्सिजन, संपला रेणू.

साम्य एवढंच की मेदाम्लाची शेपटीही कार्बन-हायड्रोजनची साखळी असते. पण ती लोण्यात असते, प्रत्येक तेलात असते, आपल्या त्वचेखालच्या चरबीत असते. या न्यायाने मार्जरीन प्लॅस्टिक ठरलं तर लोणीही ठरेल, आणि संदेश तर लोण्याची बाजू घ्यायला निघालाय.

त्या एस्टर गटाने किती फरक पडतो हे प्रयोगशाळेत उघड दिसतं. मार्जरीन, लोणी किंवा तेल, काहीही कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तापवत ठेवा. आधी तेल वर तरंगतं, मग मिश्रण दुधाळ होतं, घट्ट होत जातं आणि शेवटी साबण आणि ग्लिसरॉल मिळतं. अल्कली एस्टरचा जोड तोडते. आतड्यातलं लायपेज हे विकर तोच जोड तोडतं, म्हणून चरबी पचते. आणि पॉलिथिन? कॉस्टिक सोड्याचं द्रावण साठवायला प्रयोगशाळेत पॉलिथिनचीच बाटली वापरतात. अल्कलीला तोडता येईल असा एकही जोड तिच्या साखळीत नाही.

हायड्रोजन घातल्यामुळे ते प्लॅस्टिककडे झुकतं, असं संदेश सुचवतो. हे तर बरोबर उलटं आहे, आणि या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. इथिलीन या वायूचं पॉलिथिन होतं ते इथिलीनमधल्या दुहेरी बंधामुळे, म्हणजे दोन कार्बनमधल्या दोनपदरी जोडामुळे. तो बंध उघडतो म्हणून रेणू एकमेकांना जोडले जातात. तेलाच्या शेपट्यांमध्येही दुहेरी बंध असतात. निकेल उत्प्रेरक वापरून हायड्रोजन घातला की ते बंध कमी होतात. विल्हेल्म नॉर्मानने तेलासाठीच्या या पद्धतीचं पेटंट 1902 मध्ये घेतलं. दुहेरी बंध गेले की शेपट्या एकमेकींना जोडल्या जाण्याची शक्यताही गेली.

उलट ज्या तेलात दुहेरी बंध भरपूर आणि हायड्रोजन अजिबात घातलेला नाही, ते खरोखर प्लॅस्टिकसारखं होतं. जवसाचं तेल पातळ थरात पसरून ठेवा. हवेतल्या ऑक्सिजनमुळे शेपट्या एकमेकींत गुंततात आणि काही दिवसांत चिवट, न विरघळणारा पापुद्रा तयार होतो. तैलरंग असेच वाळतात, आणि 1860 च्या दशकात जमिनीवर अंथरायचं लिनोलियम याच क्रियेवर उभं राहिलं. रंगाशी नातं जोडायचंच तर ते पूर्णपणे नैसर्गिक जवसाशी जोडावं लागेल. बाकी ‘27 घटकां’ची यादी संदेशात कुठेही नसते.

माशी आणि बुरशी: बुरशीला पाणी लागतं, प्रथिनं-शर्करा लागतात. मार्जरीनमध्ये सुमारे 80 टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं पाणी बारीक थेंबांत कोंडलेलं असतं, शिवाय मीठ किंवा परिरक्षक असतं. निव्वळ तेलालाही बुरशी येत नाही, पण तेवढ्यावरून तेलाला कोणी प्लॅस्टिक म्हणत नाही.

आता संदेशातलं एकच वाक्य अर्धवट खरं आहे: हायड्रोजन घातल्याने रेणूरचना बदलते. ती कशी बदलते, हे मात्र संदेश सांगत नाही. नैसर्गिक तेलांतल्या दुहेरी बंधांवर दोन्ही हायड्रोजन बहुतेक एकाच बाजूला असतात, ही सिस मांडणी. त्यामुळे शेपटी वाकते, रेणू दाटीने बसत नाहीत आणि तेल पातळ राहतं. हायड्रोजनीकरण अर्ध्यावर थांबवलं तर उरलेले काही बंध फिरून ट्रान्स होतात. हायड्रोजन विरुद्ध बाजूंना जातात, शेपटी जवळपास सरळ होते. ओलेइक आम्ल हे सिस मेदाम्ल सुमारे 13 अंशांना वितळतं. त्याचंच ट्रान्स रूप, इलायडिक आम्ल, सुमारे 44 अंशांना. एकही अणू वाढलेला किंवा कमी झालेला नाही.

शरीरालाही हा फरक कळतो. मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी 1990 मध्ये दाखवून दिलं की ट्रान्स मेदाम्लांमुळे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये औद्योगिक ट्रान्स फॅट अन्नातून हद्दपार करण्याचं आवाहन केलं. आज अनेक मार्जरीन अंशतः हायड्रोजनीकरण न करता बनतात, पण सगळीच नाहीत. हायड्रोजनीकरण पूर्ण केलं तर दुहेरी बंधच उरत नाहीत, म्हणून ट्रान्सही नाही. मग ते संपृक्त मेद असतं, लोण्यात बरंचसं असतं तसं. म्हणून डब्यावरच्या घटकांच्या यादीत शोधायचे शब्द ‘अंशतः हायड्रोजनीकृत तेल’ हे आहेत. ते दिसले तर डबा परत ठेवा, मग तो मार्जरीनचा असो की बिस्किटांचा.