जोंगाचं मूळ इंजिन काढू नका

जोंगा म्हणजे आपल्या फौजेची जुनी जीपसारखी गाडी. अशा जुन्या जोंगात डिझेल इंजिन बसवण्याचा सल्ला एका लेखात दिलाय. तो मला पटला नाही. निस्सानच्या ‘पॅट्रोल’ (Patrol) या गाडीच्या आराखड्यावर जबलपूरला बनलेल्या या गाडीचा जीव म्हणजे तिचं चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. पेट्रोल खूप पितं, मान्य. पण ते काढलं की उरतो नुसता सांगाडा.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा आणि मग इंजिन हाताने फिरवून बघा. टाकी उतरवून आतला गंज धुवा, नाहीतर कार्बोरेटर परत परत चोंदतो. ब्रेकची रबरं सरसकट बदला.

आणि रंग! सरळ खरवडून टाकू नका. हिरव्या थरांखाली कधी कधी जुना नंबर, तुकडीचं चिन्ह सापडतं. आधी फोटो काढा. माझे वडील फौजेत ड्रायव्हर होते. आमच्या गाडीवर असा अर्धवट नंबर निघाला, तेव्हा ते बराच वेळ त्यावर हात ठेवून उभे होते. तेवढा पत्रा आम्ही रंगवलेला नाही.

आणि जुनी फौजी वाहनं दाखवायला मुलांना नगरच्या रणगाडा संग्रहालयात जरूर न्या.